गणपूर्तीअभावी तहकूब

माझ्या बहिणीला नवऱ्याचा संशय आला तो त्याच्या दाढीवरून.

"दादा, जंगलात कोण दाढी करून जातं रे?" ती फोनवर म्हणाली. "दर रविवारी उठतात, गुळगुळीत दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि म्हणतात, चाललो पडके क्लब शोधायला. माझ्या भाच्याच्या लग्नाला मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे गालाला वस्तरा लागला होता."

"जंगलात हरणं असतात," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. तू जा त्यांच्याबरोबर. आणि ती पिशवी बघ. पाण्याची बाटली आणि खुरपं आहे म्हणतात. बाटली कधी टणटण वाजते का? शिवाय आठवडाभर बाथरूमला चिंचेचा वास येतोय."

मेहुण्यांचा हा नाद घरात सगळ्यांना माहीत होता आणि त्यामागचं कारणही. एके काळी आमच्या शहराबाहेरच्या जंगलात शिकार क्लबांचं पीक आलं होतं. ज्याच्याकडे बंदूक आणि सासऱ्याची जीप, तो क्लब काढायचा. मग शिकारीवर बंदी आली, क्लब बंद पडले आणि रानाने ते गिळून टाकले. जनावरांच्या बाजूने लागलेला तेवढाच एक निकाल.

यातल्याच एका क्लबात मेहुण्यांचे वडील व्यवस्थापक होते. वार्षिक समारंभाच्या तोंडावर चांदीचा कप नाहीसा झाला. कपाटाची किल्ली वडिलांकडे, त्यामुळे चोरही तेच ठरले. त्यांना काढून टाकलं. पुढे मरेपर्यंत त्यांनी क्लबाचं नाव तोंडातून काढलं नाही. क्लबात बायकांना मज्जाव असल्यामुळे तो नेमका कुठे आहे, हे त्यांच्या बायकोलाही कधी कळलं नव्हतं. मागे राहिलं ते कोटाचं एक बटण, त्यावर रानडुकराचं डोकं. ती बायको, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई, आता नव्वदीला टेकल्या होत्या. आपले डोळे मिटायच्या आत नवऱ्यावरचा डाग पुसला जावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मेहुणे त्यासाठीच रान धुंडाळत होते. निदान तसं ते सांगत.

मी बरोबर येतो म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. जरा जास्तच झाला.

"या की, दादा. मला साक्षीदार हवाच होता."

"कशाला?"

"म्हणजे, सोबत हवी होती."

गाडीत पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. गाडीही तेच चालवत होते. मी म्हटलं, मागे ठेवतो. नको म्हणाले, पाणी सांडेल. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना, विचारलं, तर म्हणाले, आजकालच्या झाकणांचा काय भरवसा. मेहुण्यांची सगळी नोकरी नकाशे काढायच्या कचेरीत गेली होती. नकाशावर नसलेल्या गोष्टी बोलण्याचा त्यांना सराव नव्हता, हे दिसत होतं.

"दाढी कशाला करता पण?" मी विचारलं.

"समजा, आजच सापडला. बाबांना जिथून हाकललं तिथे त्यांच्या मुलाने अवतारात कसं जायचं?"

दाढीचा संशय मिटला. पिशवीचा वाढला.

पडके क्लब शोधायचं एक शास्त्र आहे, ते मला वाटेत शिकवण्यात आलं. रानाला सरळ रेष येत नाही. झाडं ओळीने उभी दिसली की समजायचं, इथे माणसाने वाट सजवली होती. मग बाटल्या बघायच्या. क्लब जेवढा नावाजलेला, तेवढा बाटल्यांचा ढीग मोठा आणि शिकार कमी. शेवटी कुत्र्यांच्या कबरी. प्रत्येक क्लबात आवडत्या कुत्र्याला दगड मिळायचा, त्यावर नाव आणि चार ओळी गुणगान. रान उठवून जनावर पुढे हाकणाऱ्या माणसांपैकी कोणी डुकराच्या सुळ्याने मेला, तर त्याच्या घरी निरोप जायचा.

दुपार कलायच्या सुमाराला झाडं ओळीत आली. मग बाटल्या. मग फाटक, आणि त्यावर गंजलेलं रानडुकराचं डोकं.

मेहुण्यांनी खिशातलं बटण काढून शेजारी धरलं. डोकं तेच होतं.

आत एक बैठी कौलारू इमारत होती. मेहुण्यांनी चष्मा पुसला आणि तज्ज्ञाच्या नजरेने सगळीकडे पाहिलं.

"किमान चाळीस वर्षं," ते म्हणाले, "इथे माणूस फिरकलेला नाही."

"गवत कापलेलं आहे."

"जनावरं चरून जातात."

"एका उंचीवर?"

"एकाच उंचीची जनावरं असतील."

व्हरांड्यात दोरीवर एक पंचा वाळत होता. तो वाऱ्याने उडून आला असावा, असं ठरलं. दाराशी चपलांचा जोड होता, तो चोराचा असावा. आतून उकळत्या चहाचा वास येत होता. मेहुणे म्हणाले, रानात काही पाल्यांना हुबेहूब असा वास येतो. आयुष्यभर पडकी घरं शोधणाऱ्या माणसाला उभं घर दाखवणं कठीण असतं. शिवाय आज त्यांना हे घर पडकंच हवं होतं. का हवं होतं, ते थोड्याच वेळात कळलं.

"तुम्ही पुढची बाजू बघा," ते म्हणाले. "मी मागे कबरींकडे जातो. काही सापडलं तर हाक मारीन, लगेच या. लगेच म्हणजे, हाक मारल्यावर."

मी पुढची बाजू बघितली, म्हणजे तिला एकदा वळसा घातला आणि मागच्या बाजूला झाडाआड उभा राहिलो. मेहुणे एका कुत्र्याच्या दगडापाशी गुडघे टेकून खुरप्याने उकरत होते. मग त्यांनी पिशवीतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेला एक कप काढला, खड्ड्यात ठेवला, वर माती लोटली आणि इस्त्रीच्या शर्टाला हात पुसले.

"दादा," त्यांनी हाक मारली. "अहो, लवकर या. इथे काहीतरी लागतंय."

"मेहुणे," मी झाडाआडून म्हणालो, "मी इथेच आहे."

ते कबरीवरच बसले.

"म्हणजे तो बाबांनीच…" मी चाचरलो.

"छे हो." ते एकदम चिडले. "बाबांनी नाही घेतला. हा मी करून घेतलाय. शाळांच्या स्पर्धांचे कप बनवणाऱ्याकडून. जुन्या फोटोवरून. चिंच, राख आणि मीठ लावून, न धुता आठवडाभर ठेवून काळा केला."

"आणि मी साक्षीदार."

"माझ्या शब्दावर आईचा विश्वास नाही, मी तिचाच मुलगा. तुम्ही सांगितलं असतं तर पटलं असतं. तुम्ही कोणाबद्दल बरं बोलत नाही, हे तिला माहीत आहे." त्यांनी मान खाली घातली. "खरा कप कुठला सापडायला आता? आणि तिच्याकडे वेळ नाही, दादा. परवा मला म्हणाली, मी वर गेल्यावर त्यांना काय सांगू?"

मी यावर काय बोललो असतो कोण जाणे. कारण तेवढ्यात मागची खिडकी उघडली.

"सभेला आलात का?" आतून आवाज आला.

खिडकीत एक खूप म्हातारा माणूस उभा होता. अंगात कोट. कोटाला बटणं. बटणांवर रानडुकराचं डोकं.

"सदस्य नसाल तर उकरू नका," तो म्हणाला. "त्या दगडाखाली मोती आहे. गुणी कुत्रा होता."

चहा खराच निघाला. क्लबाचा हा सेक्रेटरी. त्याने आम्हाला आत घेतलं, पण खुरपं बाहेर ठेवायला लावलं आणि चमचे मोजून दिले. भिंतीवर मुंडकी होती, मधोमध लांब टेबल, भोवती खुर्च्या. आणि त्यामागे काचेच्या कपाटात चांदीचा कप. लख्ख पुसलेला.

मेहुणे कपाटापुढे जाऊन उभे राहिले.

"हा कुठे सापडला?"

"सापडला कुठे, आला," सेक्रेटरी म्हणाला. "नाव कोरणाऱ्याकडे होता. मीच दिला होता. लक्षातून गेलं."

"कधी आला?"

"समारंभाच्या पुढच्या आठवड्यात. तुम्ही कोण?"

मेहुण्यांनी वडिलांचं काम सांगितलं, मग आपलं नातं सांगितलं. सेक्रेटरीने बशी खाली ठेवली.

"मग तुम्ही आम्हाला का नाही कळवलंत?" मेहुण्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"कळवणार कसं? ठराव झाला होता ना. एकमताने. झालेला ठराव मागे घ्यायला सर्वसाधारण सभा लागते. गणपूर्ती सात सदस्यांची. आधी म्हटलं, पुढच्या सभेत विषय घेऊ, पण कोणी घेईना. एकमताने केलेली चूक कोणा एकाला कशी सुधारता येणार? मग बंदी आली, लोक यायचे बंद झाले. मी अजून दर वर्षी सभा बोलावतो. आजच आहे. थोडा वेळ वाट बघतो, गणपूर्तीअभावी तहकूब करतो, गवत कापतो, चहा घेतो, घरी जातो."

"बाकीचे कुठे असतात?" मी विचारलं.

"वारले."

"मग गणपूर्ती होणार कशी?"

"तीच तर अडचण आहे," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

मेहुण्यांनी कपाटाच्या दाराला हात घातला. "हा कप मी आईला दाखवायला नेतोय."

"क्लबाची मालमत्ता ठरावाशिवाय बाहेर जात नाही."

"मग सेक्रेटरीला बाहेर जायला ठराव लागतो का?" मी विचारलं.

त्याने विचार केला. तशी तरतूद नव्हती. शेवटी सेक्रेटरी गाडीत बसला आणि त्याने आपल्या ताब्यात म्हणून कप मांडीवर घेतला. आम्ही तो पळवू नये यासाठी मेहुण्यांचा चिंचेचा कप अनामत म्हणून कपाटात ठेवून घेतला. घर येईपर्यंत तो मेहुण्यांकडे आणि मेहुणे आरशातून त्याच्याकडे बघत होते. एकमेकांना चोर समजणारी माणसं एवढ्या शांतपणे प्रवास करू शकतात, हे मला माहीत नव्हतं.

सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. बहीण दारातच माझ्या कानाशी लागली, "कोण आहे ती?"

"ती नाही, हा," मी म्हणालो. "आणि वय बघ."

सेक्रेटरी म्हाताऱ्या बाईंसमोर उभा राहिला. कोटाची सगळी बटणं त्याने लावली होती. आणि मग ठराव, सभा, गणपूर्ती यातलं काही न बोलता तो म्हणाला, "वहिनी, त्यांनी कप घेतला नव्हता. चूक माझी होती."

सासूबाईंनी कपाकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "या घरात त्यांना चोर कोणी म्हणत नव्हतं. बिऱ्हाड हलवण्याआधी तुम्ही तेव्हा पलीकडच्या गल्लीत राहायचात. वाण्याला सांगितलंत, न्हाव्याला सांगितलंत, समोरच्या बिऱ्हाडांना सांगितलंत, यांना कोणी कामावर ठेवू नका म्हणून. पायऱ्या चढून सांगितलंत. मी याच खिडकीतून बघत होते."

"हो," सेक्रेटरी म्हणाला.

"मग तिथे जाऊन सांगा."

"आई, ती माणसं आता कुठे आहेत?" मेहुणे म्हणाले. "सगळी गल्ली बदलली. कोणाला आठवत नाही बाबांचं."

"घरं तीच आहेत ना?"

सेक्रेटरीने कप बगलेत मारला आणि तो जिना उतरला. आम्ही खिडकीत उभे राहिलो.

पहिल्या घराचं दार एका तरुण बाईने साखळीपुरतं उघडलं. "आम्हाला काही घ्यायचं नाही," तिचं एवढं ऐकू आलं. त्याने कप दाखवला, तेव्हा तिने दार लावलं. त्याने बंद दारालाच सगळं सांगितलं. वाण्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि कप कुठल्या खेळाचा, असं विचारलं. न्हाव्याच्या जागी शिंपी होता. शिंप्याने मान वर न करता ऐकलं, पण मशीन थांबवलं.

अंधार पडायच्या आत गल्लीत एकच विषय झाला. पन्नास वर्षांत ज्यांना आमच्या मेहुण्यांच्या घराविषयी काडीचीही माहिती नव्हती, ते आता गॅलरीत येऊन तिकडे बघू लागले. मी पान आणायला उतरलो, तेव्हा शिंप्याने मला गाठलं.

"काय हो, त्या घरात चोरीबिरी झाली होती म्हणे?"

"झाली नव्हती."

"हो, तेही तसंच सांगत होते," शिंपी म्हणाला. ज्या सुरात म्हणाला, त्यावरून त्याची खात्री पटलेली होती.

मी वर येऊन मेहुण्यांना बाजूला घेतलं आणि हे कानावर घातलं. ते पांढरे पडले. "अरे देवा. म्हणजे आत्तापर्यंत ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही…"

"काय म्हणतो शिंपी?" खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं. नव्वदीतल्या माणसाला ऐकू येत नाही, ही समजूत कोणी पसरवली कोण जाणे.

"पटलं म्हणतो, आई," मेहुणे म्हणाले.

"तुझ्या आवाजावरून वाटत नाही." त्यांनी काठी काचेवर वाजवली. खाली टोकाच्या घरातून बाहेर पडणाऱ्या सेक्रेटरीने थकून वर पाहिलं. सासूबाईंनी काठीनेच शिंप्याचं दुकान दाखवलं.

तो कप बगलेतून काढून, कोट नीट करून पुन्हा तिकडे चालू लागला.

"आणि सूनबाई," सासूबाई खिडकीवरची नजर न काढता म्हणाल्या, "या सेक्रेटरींपुरता भात जास्तीचा टाक. समोर तिसऱ्या मजल्यावर अजून गेले नाहीत."