नकटीचं नाक

शाळा बंद झाल्याची बातमी आली तेव्हा मी घरभर नाचले. गणिताची परीक्षा टळली होती. साथ कुठे आहे, कुणाला झालीय, याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. युनिफॉर्म पेटीच्या तळाशी ठेवला आणि वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. आई म्हणाली, "कपडे ठेवतेयस की पुरतेयस?"

"पुरतेय," मी म्हटलं.

आमची बेकरी घराखालीच. पाव सगळ्यांना लागतो, त्यामुळे ती चालूच राहिली. बाबांच्या भट्टीजवळ घड्याळ नाही, कधीच नव्हतं. ते भट्टीकडे पाठ करून पीठ मळत असतात आणि मध्येच हातातलं टाकून दार उघडतात. पाव बरोबर बदामी झालेला असतो. सगळा कारभार नाकाचा, आणि त्या नाकाचा त्यांना भारी तोरा. माझं नाक बसकं, म्हणून मी लहानपणापासून नकटी. "माझ्या घरात हे बटण कुठून आलं?" असं ते गिऱ्हाइकांसमोर विचारायचे आणि मी फणकारून वर निघून जायचे.

सुट्टीचा आनंद फार टिकला नाही. मोबाइलवरच्या शाळेत बाईंचा चेहरा तोंड उघडं ठेवून अडकायचा, मैत्रिणी भेटायच्या नाहीत. मला साथीचा कंटाळा आला, मग राग आला. भीती मात्र वाटत नव्हती. ती बाबा आजारी पडल्यावर वाटली.

शटर खाली आलं. बाबा मागच्या खोलीत एकटे. आई दाराबाहेर ताट ठेवायची. आतून खोकला ऐकू आला की मी दाराशी धावायचे, आणि खोकला थांबला की दाराला कान लावायचे. रोज गणिताची परीक्षा देईन, पण बाबांना बरं कर, असं मी मनातल्या मनात म्हणत राहायचे.

बाबा बरे झाले. शटर वर गेलं आणि पहिलीच खेप करपली. धूर डोळ्यांना झोंबला तेव्हा कुठे बाबा वळले. "भट्टी बिघडलीय," ते म्हणाले. दुसरी खेपही गेली. आईनं कांदा चिरून त्यांच्या नाकाखाली धरला. डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही.

"घड्याळ लावून बघा ना," आई म्हणाली.

"पीठ रोज वेगळं, हवा रोज वेगळी. घड्याळाला काय कळतंय त्यातलं?" बाबा खाली बसले. "विकून टाकू भट्टी. असला बेकरीवाला काय कामाचा?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मी आहे ना," मी म्हटलं. "मला वास येतो."

बाबांनी माझ्या नाकाकडे पाहिलं. पहिल्यांदाच हसले नाहीत. "आधी आंबूस वास येईल," ते म्हणाले, "मग उकळत्या दुधाचा. भाजक्या शेंगदाण्यासारखा आला की ओरड."

मी भट्टीपुढे डोळ्यांत तेल घालून उभी राहिले. आंबूस नाही, दूध नाही, शेंगदाणा तर नाहीच. आला तो थेट काळा धूर. बाबांनी कपाळावर हात मारला, आणि मग माझ्याकडे निरखून बघायला लागले.

"नकटे, तोंडावर काय आहे तुझ्या?"

मास्क! भट्टीपुढे उभं राहताना त्यांच्याच धाकानं डोळ्यांपर्यंत ओढलेला. बाबा हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसत होते. तो कोळसा झालेला पाव मला जन्मभर गोड लागेल.

मग बाबांनी मळायचं टेबल अंगणात नेलं. भट्टीपाशी मी एकटी, मास्क काढून. "शेंगदाणा!" मी खिडकीतून ओरडायचे. "काढ!" ते ओरडायचे. शेजारचे म्हातारे मास्तर, ज्यांनी करपलेले पावही मुकाट्यानं नेले होते, ते खिडकीखालून म्हणायचे, "शेंगदाण्याचे द्या हो दोन!"

साथीचे आभार मी मानणार नाही. तिनं तसं काही केलेलं नाही. पण बाबा मला परत मिळाले, आणि सबंध सकाळ मिळाले. त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते कळत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांचेच मानायचे. भट्टीचेसुद्धा.

शाळा सुरू होणार असल्याचा निरोप आला तेव्हा मी नाचले नाही. "आता ओरडणार कोण?" मी विचारलं.

"तुझी आई ओरडेल. तिला सवय आहे," बाबा म्हणाले. पण आईचं नाक बारा महिने सर्दीनं चोंदलेलं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

सकाळी पेटीतून युनिफॉर्म काढला. आखूड झाला होता. तोच चढवून अंगणात गेले. बाबा पाठमोरे मळत होते. "येते," मी म्हटलं.

त्यांचे हात थांबले.

"शी! कसला घाण वास येतोय गं?"

जिन्यात आई होती तिथेच उभी राहिली. बाबा वळले, पिठाच्या हातांनी माझे खांदे धरले आणि मानेपाशी वाकून हुंगलं.

"डांबरगोळ्या," ते म्हणाले. पुन्हा हुंगलं. "डांबरगोळ्याच आहेत!"

शाळेला उशीर होत होता तरी ते सोडेनात, आणि मलाही सुटायचं नव्हतं. खांद्यांवर पिठाचे दोन पंजे घेऊन मी शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "झटक ते." मी झटकले नाहीत.