बेचाळीस पावलं

गाडीच्या पुढच्या काचेशी जामची जुनी बाटली उभी होती, गळ्यापर्यंत राखेनं भरलेली, मानेला लाल फीत — आणि एल्फ्रेडाबाईंचं डोकं सकाळपासून त्या बाटलीवरच फिरलेलं. लाज म्हणून नाही या ओझमंडला. ज्वालामुखीची जी राख खरवडता खरवडता आपली नखं गेली, जिनं याच्या बापाची छाती आतून लिंपून टाकली, ती राख हा पोरगा बारशाच्या केकसारखी सजवून पाहुण्यांपुढे मिरवतो. पोरगा कसला, पन्नाशीचा घोडा.

"आई, पट्टा लाव."

"बांधून ठेवायला मी शेळी आहे का?"

मागच्या सीटवरचं कॅनडाचं जोडपं हसलं. लोकांना हसू येतं. पट्टा मात्र छातीवर आवळून बसलाच, काचाही वर — धूळ येते म्हणून — आणि नदीच्या कोरड्या पात्रात गाडी अशी हेलकावत उतरली, की बाईंना वाटलं आपण कुणाच्या तरी मुठीत आहोत. इथे पूल होता. आता पूल खाली कुठेतरी, आणि आपण त्याच्या डोक्यावरून चाललोय...

राखेखाली गेलेल्या बंद शहरात जायच्या पासवर त्यांनी स्वतः पोलिसांकडे जाऊन आपलं नाव चढवून घेतलं होतं. ओझमंड टाळत होता. तुझे गुडघे, तुझा दमा, पुढच्या महिन्यात बघू. पण लेक व्हर्लिन इंग्लंडातून रोज फोन करत होती — आई, कागद तयार आहेत, येतेस की नाही ते एकदाच सांग. एल्फ्रेडाबाईंचं उत्तर अठ्ठावीस वर्षं एकच: माझं घर उभं आहे. डोंगर निवला की मी परत जाणार. खालचा मजला चिखलात गेला पण वरचा शाबूत आहे, असं ओझमंडनंच तर सांगितलं होतं, फोटोही आणला होता, करडा, एक छप्पर आणि अर्धी खिडकी. त्या फोटोच्या भरवशावर त्या बेटाच्या उत्तरेकडच्या दोन खोल्यांच्या फळकुटी घरात राहिल्या, खिडकीला साधा पडदा न लावता. जायचंच आहे तर पडदा कशाला? आज एकदा आपल्या घरात उभं राहायचं आणि लेकीला कायमचं नाही म्हणून टाकायचं.

फाटकापाशी पोलिसानं पास पाहिला, वायरलेसवर काहीतरी बोलला. पुढे पायी. गंधकाचा वास आला, चूल विझवल्यावर येतो तसला ओला. ओझमंड पुढे चालत पाहुण्यांना सांगत होता, त्याचा आवाज गोड झाला होता, उपदेशकासारखा. "आणि हे आमचं घर. माझी आई इथेच तूर शिजवायची."

जमिनीतून वर आलेलं छप्पर, अर्धी खिडकी. फोटोतलीच. बाई वाकून आत शिरल्या, गुडघा ठणकला, आत राखेचा ढीग, भिंतीवर खिळा. किती लहान वाटतं सगळं... म्हातारपणी असंच होत असेल. त्या वळल्या आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

समुद्र.

माझ्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. मी रोज सकाळी डोंगराकडे तोंड करून कांदा चिरला, त्याला शिव्या घातल्या, तेव्हा तो बिचारा गप्प होता. राखेनं भिंती बुजतील, जिने बुजतील, पण डोंगर काही घराच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसणार नाही. समुद्राकडे खिडकी एकाच बाईची — शेजारीण क्लॅरिबेल डायर, जिच्या शेळ्यांनी माझी तूर तीन वर्षं खाल्ली.

त्या बाहेर आल्या. त्या घराच्या कोपऱ्यापासून घळीच्या दिशेनं, आपलं घर होतं तिकडे, चालायला लागल्या. एक, दोन, तीन... हे अंतर पायांना पाठ होतं. भांडायला जाताना बेचाळीस पावलं, भांडून परतताना अडतीस, कारण उतार आणि राग. आता उतार नव्हता. सपाट राख, थोडं गवत, एका शेळीच्या लेंड्या. बेचाळीस. त्या थांबल्या.

पायाखाली काहीच पोकळ वाजत नव्हतं.

आता व्हर्लिनला काय सांगायचं? नाही म्हणायला जे एक कारण होतं ते या टाचांखाली होतं, किती खाली, देव जाणे. माणूस सुटला की हलकं वाटतं म्हणतात. बाईंना उलट वाटलं, सगळी दारं एकदम उघडली आणि उभं राहायला उंबरठाच उरला नाही... पडदे तरी लावायला हवे होते. अठ्ठावीस वर्षं. निळे लावले असते.

ओझमंड धावत आला. त्याचा चेहरा बघूनच कळत होतं, त्यानंही पावलं ओळखली होती.

"आई... तेव्हा तू जेवत नव्हतीस. बाबा नुकते गेले होते. मला वाटलं, वर्षभर घर आहे म्हणून सांगू, मग हळूहळू..."

मागून कॅनडाची बाई धापा टाकत पोहोचली. "बाई, इथे काय होतं?"

"काही नाही," एल्फ्रेडाबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे पाठ करून, लेकाच्या शर्टावरची राख दोन बोटांनी झटकत, हळू, पण एकेक शब्द सुटा:

"माझ्याशी खोटं बोललास ते मी एक दिवस विसरेन, ओझमंड. पण अठ्ठावीस वर्षं मला क्लॅरिबेल डायरच्या घरात ठेवलंस, ते नाही."