गोळी संपते, मग जाते कुठं?

“अक्का, ही गोळी हळूहळू बारीक होते, मग संपते. ती जाते कुटं?”

माझ्या लेकीच्या, भार्गवीच्या, बारशाच्या दुसऱ्या दिवशी कमलम्मांनी मला हे विचारलं. कमलम्मा आमच्याकडे धुणंभांडी करतात. त्यांच्या घरात दोन पिढ्या मागावर बसल्या, त्यामुळे चादर या विषयावर त्या कुणाचंच ऐकत नाहीत. मी त्या वेळी बारशात आलेल्या चादरी आमच्या पलंगाच्या पेटीत रचत होते आणि थरांमध्ये डांबरगोळ्या टाकत होते.

“उडून जाते,” मी म्हणाले.

“उडून कुटं जाईल? खोलीतच की. अन् लेकरू ह्याच पलंगावर झोपतंय. कडुलिंबाचा पाला टाका, नायतर नुसतं ऊन दाखवा.”

“कमलम्मा, मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलंय,” असं म्हणून मी फळी बंद केली.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. पहिल्या वर्षाला मला जे प्रॅक्टिकल आलं होतं, ते हेच. डांबरगोळीची पूड तापवायची, तिची न वितळता थेट वाफ होते, ते सरांना दाखवायचं. दहापैकी दहा मिळाले होते.

चादरींबद्दलही सांगते. बाहेरगावचे लोक सोलापूरची आठवण म्हणून एक चादर घेऊन जातात. आम्ही सोलापूरकर मात्र त्या एकमेकांनाच देत बसतो. आलेली चादर उलगडायची नाही, प्लास्टिकच्या पिशवीतून काढायची नाही, पुढच्या बारशाला द्यायची, ही रीत. भार्गवीला चौदा आल्या. तिची तेव्हाची लांबी पाहता एका चादरीत तिच्यासारख्या दहा मावल्या असत्या.

त्यानंतर मी घर शुद्ध करायला घेतलं. बाळाच्या नाकात काय काय जातं याबद्दल मी इतकं वाचलं होतं की मला श्वास घ्यायचीच भीती वाटू लागली होती. आधी सासूबाईंच्या उदबत्त्या गॅलरीत गेल्या. “देवाला आत ठेवलंय आणि वास बाहेर देतेय,” त्या म्हणाल्या. मग अप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, डास मारायची कॉइल गेली. अप्पा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग डासांना काय, नोटीस द्यायची?” उग्र फिनेल गेलं, खोलीत फवारायचा सुगंध गेला. माझे यजमान अनीश, त्यांना जिन्यात उभं राहून अंगाला स्प्रे मारावा लागे. खालच्या मजल्यावरचे शंकरप्पा एकदा म्हणाले, “साहेब, रोज सकाळी आमच्या दारात लग्नघर झाल्यासारखं वाटतंय.”

आणि बाहेरच्या रस्त्याची धूळ नको म्हणून आमच्या खोलीच्या खिडक्या मी गच्च लावून घेतल्या.

तरीही भार्गवी दुपारी त्या खोलीत झोपेना. पलंगावर ठेवली की पाच मिनिटांत शिंका, डोळ्यांना पाणी, मग रडणं. उचलून स्वयंपाकघरात आणलं की गप्प. तिथं लसणाची फोडणी चालू असायची, मिरचीचा ठसका उठायचा, आणि ही कमलम्मांच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपायची.

“नजर आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“पोटात गॅस,” अनीश म्हणाले.

“तिला तुमची खोलीच आवडत न्हाय,” कमलम्मा म्हणाल्या.

मी प्रत्येकाला हुंगून पाहिलं. अप्पांच्या शालीला, सासूबाईंच्या केसांच्या तेलाला, अनीशच्या कॉलरला. “पोलिसांतल्या कुत्र्याला सुद्धा रविवारी सुट्टी असते,” अप्पा वर्तमानपत्रातून म्हणाले. मला हसू आलं नाही. आठवडा झाला होता, बाळाचं दूध पिणं कमी झालं होतं, आणि मी तिची प्रत्येक शिंक मोजत होते.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिचे डोळे पाहिले, पोट पाहिलं, लघवीचा रंग विचारला. मी उदबत्तीपासून स्प्रेपर्यंत सगळी मोहीम सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “कपड्यांत डांबरगोळ्या आहेत?”

“कपड्यांत नाहीत,” मी ठामपणे म्हणाले. मग थांबले. “पलंगात आहेत.”

“बाळ झोपतं त्या?”

मी मान हलवली. अनीश छताकडे बघत होते.

तान्ह्या बाळांना त्या वाफेचा त्रास होऊ शकतो, डॉक्टर म्हणाले. काही बाळांच्या तर रक्तातल्या लाल पेशींवर परिणाम होतो, मूल पिवळं पडतं. कोणतं बाळ तसं, हे बघून कळत नाही. भार्गवीचं रक्त तपासायला दिलं, ते ठीक आलं. पण ते येईपर्यंतचे चार तास मी कसे काढले ते लिहीत नाही.

घरी येताच पलंगाची फळी उचलली. आतून जो वास आला त्याने अनीश दोन पावलं मागे गेले. मी एक पाकीट टाकलं होतं. आत कितीतरी गोळ्या दिसत होत्या, घरंगळत कोपऱ्यात जमलेल्या.

“मी एकच टाकलं होतं,” मी म्हणाले.

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, “तू शिकलेली. तुझ्या लक्षात नसेल म्हणून मी एक टाकलं.”

“तुम्ही दोघी बाळात गुंतलेल्या,” अप्पा म्हणाले. “चादरींना कसर लागली असती. मी दोन टाकली.”

आम्ही तिघांनी अनीशकडे पाहिलं.

“मला वाटलं, या घरात कोण लक्ष देतंय,” ते हळू म्हणाले.

दारात हात पुसत उभ्या असलेल्या कमलम्मांनी एवढंच विचारलं, “आता कळलं का अक्का, कुटं जाते ती?”

बी.एस्सी.चं नाव मी काढलंच नाही.

खिडक्या सताड उघडल्या. पेटी रिकामी केली, पुसली, फळी दोन दिवस उघडी ठेवली. गोळ्या डब्यात घट्ट बंद करून घराबाहेर काढल्या. चादरी गच्चीवर नेल्या. सोलापूरच्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या देतो. त्या दिवशी मी त्याला हात जोडले. गच्चीभर मोर, कमळं आणि चौकटी वाळत पडल्या, तेव्हा एक बाई जिना चढून वर आल्या आणि “सेल कधीपर्यंत आहे?” म्हणून विचारून गेल्या.

तिसऱ्या दुपारी भार्गवी त्याच खोलीत, उघड्या खिडकीपाशी, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना, सलग दोन तास झोपली. मी तिच्याशेजारी बसून रडले. मग चादरींच्या घड्या घालायला वर गेले.

तिथं चादरी अकरा निघाल्या.

“आई, तीन कुठं गेल्या?”

सासूबाईंचा चेहरा उतरला. माझी नणंद इंद्रायणी मोडनिंबला असते. तिला मुलगा होऊन महिना झालेला. “तिच्या बाळाच्या बारशाला नेल्या,” सासूबाई म्हणाल्या. “प्रत्येक पिशवीत दोन-दोन गोळ्या घालून. चांगल्या राहाव्यात म्हणून.”

मी तिथंच गच्चीवरून फोन लावला. इंद्रायणीनं एक बाळाखाली अंथरली होती; मी बोलत असतानाच तिनं ती ओढून काढलेली ऐकू आली. दुसरी दुधनीच्या मावशींकडे गेली होती, त्यांनी पिशवीसकट माळ्यावर टाकली होती, ती उतरवून घेतली. तिसरी टेंभुर्णीला एका बारशात दिली. त्या घरी फोन केला. “लई छान होती की ओ,” तिथल्या आजी म्हणाल्या, “म्हणूनच पुढं दिली.” कुणाला, ते त्यांना आठवेना.

पंधरा दिवस मी फोन करते आहे. चादर पुढे पुढे जातेच आहे, आणि प्रत्येक वेळी ती जाते ती लहान बाळ असलेल्या घरीच.

आंबेपिवळी आहे, मध्ये मोर, कडेला मरून पट्टा. पिशवीची चेन अर्धी तुटलेली. तुमच्याकडे आली असेल तर गोळ्या काढा, चादर धुवा, चांगलं ऊन दाखवा. नसेल आली, तर तुमच्या गल्लीत जी कुणी नुकतीच बाळंत झाली असेल, तिच्याकडे आज एकदा जाऊन या. बाळाला बघायला आलोय म्हणा. चहा घ्या. आणि पलंगाची फळी उचलून बघा.