यंत्राच्या पायाशी समई

जमिनीखालचं कोमट-गरम पाणी काही स्वतःच्या वाफेवर वीज देत नाही. म्हणून तेवढ्या उबेवरही उकळणारं पेन्टेन नावाचं रसायन तापवायचं आणि त्याच्या वाफेनं चक्र फिरवायचं. असं यंत्र वर्षाराणीनं कागलच्या एमआयडीसीत उभं केलं होतं. पेन्टेन पेट्रोलसारखं पेटतं. पण आपल्याकडे पूजेशिवाय साधा पंप सुरू होत नाही, तिथं हे कसं होणार? चाचणीआधी पूजेला शिरोळहून सासूबाई धोंडुबाई, तिच्या आत्ती, आल्या. त्यांना घेऊन नवरा ऋतुराजही आला.

शेडच्या दारात धोंडुबाईंनी निरांजन लावलं, ऋतुराजनं नारळ फोडला. पाणी पूजेच्या सामानावर उडालं. मग त्या आरतीचं ताट घेऊन यंत्र बसवलेल्या खड्ड्याकडं निघाल्या.

तेवढ्यात वर्षाला पेट्रोलसारखा वास आला. कुठंतरी गळती होती, आणि ही वाफ जड, खाली खड्ड्यातच साचते. गळती सांगणारा भोंगा अजून बसवायचा होता. ओरडावं, तर दचकून ताट पडेल. दिवा फुंकावा, तर आत्ती फुंकू देणार नाहीत, झटापट होईल.

"आत्ती," आवाज सांभाळत ती म्हणाली, "गेटावरच्या गणपतीला आदी दावायचं न्हाय व्हय?"

"अगं बाई, व्हय की!" धोंडुबाई मागं वळल्या.

वर्षानं ऋतुराजला डोळ्यांनी बाहेर चल म्हणून खुणावलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. ज्योतीला हाताचा आडोसा देत आत्ती सावकाश चालत होत्या आणि वर्षा दहा पावलं पुढं वाट मोकळी करत. निरांजन गणपतीपुढं टेकलं, तेव्हा तिला रडूच आलं. तिनं मागं पाहिलं.

"आत्ती, हे कुठायत?"

"त्येला म्हटलं, मुहूर्त जाईल, तवर तू मशीनच्या पायाशी समई लाव. काडीपेटी हाय की तितं."

वर्षा पळत सुटली. गेटावरून मारलेली हाक खड्ड्यात ऐकू जाणार नव्हती. दारातून तिला दिसलं, ऋतुराज खड्ड्यात समईपुढं उकिडवा बसला होता. खर्र. काडी ओढल्याचा आवाज. पुन्हा खर्र. ती पायऱ्या उतरून त्याच्यापाशी पोचली.

"काडीपेटी नारळाच्या पाण्यानं भिजली बघ," तो वर न बघताच म्हणाला. "आणि रंगाचा वास किती मारतोय गं! थांब, खिशात लायटर हाय."

हात खिशात गेलाही होता. वर्षानं तो तिथंच दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला आणि शेडच्या बाहेर येईपर्यंत सोडला नाही.