तोंडातल्या चुका

माझ्या दुकानात बसायला जागा कधी कमी पडत नाही. सोफे दुरुस्त करतो मी. फक्त बसायचं ते दुसऱ्याच्या सोफ्यावर, आणि नशीब खराब असेल तर नुसत्या स्प्रिंगांवर. माझे लहानपणचे दोन दोस्त, सलूनवाला आणि बांबू, दुपारी जेवून येतात आणि गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर तंगड्या पसरतात. सलूनवाल्याचं सलून दोन दुकानं सोडून. बांबू रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग देतो, दोरीच्या झोपाळ्यावर बसून. त्याला बांबू का म्हणतात, ते तो दारातून वाकून आत आला की कळतं.

तिघांनीही पन्नाशी ओलांडली, आणि बोलायचा विषय काय, तर लोहपंख.

आम्ही अकरा-बारा वर्षांचे असताना टीव्हीवर लागायचा. रविवारी सकाळी दहाला. पाठीवर लोखंडी पंख, छातीवर चिलखत, तोंडावर फडकं. दिवसा टपालखात्यात शिक्के मारायचा आणि संकट आलं की खिडकीतून उडी. एकूण बावन्न भाग. ते आम्ही किती वेळा चघळले असतील, त्याला हिशोब नाही.

"आरशांचा भाग," सलूनवाला म्हणायचा. "त्याला तोड नाही."

"तू आरशांचाच म्हणणार. जन्म गेला तुझा आरशापुढं," बांबू म्हणायचा. "सगळ्यात भारी टॉवरचा."

मग टॉवरचा भाग सांगायचा. वादळात विजेच्या टॉवरची तार तुटते. लोहपंख वर चढून दोन्ही टोकं दोन हातांत धरतो. सोडली तर सगळं गाव अंधारात. पंख आहेत पण उडता येत नाही, हात भरून येतात, डोळ्यांत पाणी येतं, तरी सोडत नाही. सांगताना बांबू दोन्ही हात वर करायचा, ते पार माझ्या पंख्याला लागायचे.

"तो तेवढा माझा राहिला बघ," सलूनवाला हळहळायचा. "त्या रविवारी मला गालगुंड झालं होतं."

मग दोघं माझ्याकडं बघायचे, आणि मी नुसतं "हं हं" करायचो. आमच्या धंद्यात बारीक खिळे तोंडात धरायची पद्धत आहे. एक हात रेक्झिन ताणतो, एक हात हातोडी मारतो, मग खिळे ठेवणार कुठं. त्या खिळ्यांना आम्ही चुका म्हणतो. तोंडात चुका असल्या की माणसाला बोलता येत नाही. चाळीस वर्षं मला ह्या गोष्टीचा लई उपयोग झाला.

कारण टॉवरचा भाग असा कुठला नव्हताच. तो मी मनानं रचला होता.

झालं असं. आमच्या आळीत टीव्ही आमच्याकडं. गच्चीवर अँटेना. तिच्या पाइपाची पकड तुटलेली, आणि बाबा वर्षभर म्हणत होते, पुढच्या आठवड्यात बसवतो. वारा नसला की पाइप दोरीवर तग धरायचा. वारा असला की कुणीतरी वर जाऊन धरायला लागायचा. आता आमच्यात उंच कोण? नंबर लावायचं ठरायचं, पण वर जायचा तो बांबूच.

त्या रविवारी वारा सुटला होता. बांबू गच्चीवर, मी खिडकीत. एक डोळा टीव्हीवर, तोंड बाहेर.

"आलं का?"

"मुंग्या."

"आता?"

"डावीकडं. अजून थोडं. बस, तिथंच. हलू नकोस."

दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, वरून आवाज आला, "हात दुखायला लागले रे. तू ये ना जरा वर."

खरं तर जायला पाहिजे होतं. ताई तर म्हणालीसुद्धा, "जा की, त्यालाही बघू दे." पण मला एक मिनिट सोडवत नव्हतं. आणि बांबू खाली आला असता तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग मी ओरडलो, "थांब, लोहपंखपण वरच आहे. टॉवरवर. दोन हातांनी तार धरलीय. सोडली तर सगळं गाव अंधारात."

 मग, "त्याचेपण हात दुखतायत?"

"रडकुंडीला आलाय. पण सोडत नाही."

त्यानं परत विचारलं नाही. भाग संपेपर्यंत पडद्यावर एक मुंगी आली नाही. खाली आला तेव्हा त्याची बोटं सरळ होत नव्हती. ताईनं तेल लावून चोळून दिली. ती सगळं ऐकत होती. मला एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी वर तू जायचं." पुढच्या रविवारी वाराच नव्हता.

तर हे असं दडपून चाललं होतं. गेल्या महिन्यात सलूनवाला नाचतच आला. त्याच्या सुनेनं कुठूनतरी सगळे बावन्न भाग शोधून त्याच्या मोबाइलवर घालून दिले होते.

"बोला, कुठला लावू?"

"टॉवरचा," बांबू म्हणाला. "एकतिसावा. नंबर मी भिंतीवर लिहून ठेवला होता." आणि गडी हात धुवून आला, देवापुढं बसावं तसा.

 मी आणखी चार चुका तोंडात टाकल्या.

मोबाइल शिलाई मशिनला टेकवून लावला. गाणं वाजलं तसे तिघंही पुढं झुकलो. मलाही सगळं विसरायला झालं क्षणभर. घरातला तो फिनेलचा वास, बाबांचा पेपर, ताईच्या वेण्या. लोहपंख आला आणि मला दिसलं, चिलखत म्हणजे रेक्झिन. आत फोम, वर बटणं. डाव्या खांद्याला शिवण उसवलेली. अरे, आपल्यातलाच कुणीतरी बसला असेल तिथं सुई घेऊन.

पुढं भाग असा, की लोहपंखाला दोरखंडानं बांधून कोरड्या विहिरीत टाकलाय. वर काठावर तो काळ्या चष्म्याचा खलनायक फेऱ्या मारतोय, हसतोय, आणि जुन्या भागांतलं काय काय आठवतोय. पंचवीस मिनिटं तेच. मग क्रमशः.

"हा तो नव्हे," बांबू म्हणाला.

सलूनवाल्यानं तिसावा लावला, बत्तिसावा लावला. सरकवून सरकवून बघितलं. "टॉवर कुठंच नाही रे. तू दुसऱ्या कशातलं तर नाही ना ह्यात घुसडलंस?"

"वेडा आहे का मी? मी गच्चीवर पाइप धरून उभा होतो. हा सांगत होता मला खिडकीतून."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. ह्या खेपेला "हं हं" चालणार नव्हतं. मी तोंडातल्या एकेक करून सगळ्या चुका काढल्या, हातावर ठेवल्या, आणि सांगितलं.

बांबू सोफ्याच्या फाटक्या कडेतनं काथ्या उपसत बसला.

"पहिल्यांदा झोपाळ्यावर बसलो तो सातव्या मजल्यावर," तो म्हणाला. "पाय लटलट कापत होते. मुकादम म्हणाला, जमत नसेल तर उतर, दुसरा बघतो. तेव्हा मी काय डोळ्यांपुढं आणलं असेल?"

मी हातावरच्या चुका डबीत टाकल्या.

"आणि तू एवढं बघत तरी काय होतास? विहिरीत बांधून टाकलेला माणूस?"

"मला वाटलं, आता सुटेल. आता सुटेल."

सलूनवाल्याला हसू फुटलं, ते त्यानं खोकल्यावर नेलं. बांबू हसला नाही.

"चहा येतोय," मी म्हणालो.

"नको." उठला आणि निघाला. वाकायचं विसरला, चौकटीवर कपाळ आपटलं, तरी थांबला नाही.

चार दिवस आला नाही. कपाळ आपटलं म्हणून न यायला ती चौकट काय आजची आहे? सोफा मोकळा, आणि मला काम सुचेना. एक खुर्ची तर उलटी शिवली.

"जाऊन माफी माग," सलूनवाला म्हणाला.

"काय सांगू? चाळीस वर्षांमागं तुला गच्चीवर टांगून ठेवला, चुकलो?"

"ते तू बघ. पण एक भाग देणं लागतोस तू त्याला."

ते मला लागलं. पाचव्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्याच्या कामावर गेलो. नवीन इमारत, पिवळा रंग चाललेला. बांबू पाचव्या मजल्याशी, झोपाळ्यावर, हातात रोलर. मी खालून हाक मारली. त्यानं बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

मग मी सुरूच केलं. "एकतिसावा भाग," ओरडलो. "पहिल्यांदा विहीर दिसते. कोरडी. लोहपंख आत, बांधलेला."

रोलर वर-खाली चालूच.

"चष्मेवाला म्हणतो, आता तुला कोण सोडवणार? लोहपंख म्हणतो, सत्य. चष्मेवाला हसतो. लई वेळ हसतो."

पहारेकरी धावत आला. "काय झालं? कोण पडलंय विहिरीत?"

"लोहपंख," मी म्हणालो. तो इमारतीमागं बघायला गेला. दुसऱ्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालायचं सोडून कठड्याला टेकली. मी ओरडत राहिलो. घसा बसायला आला.

"मुंग्या," वरून आवाज आला.

मी थांबलो. "काय?"

"मुंग्या आल्यात. काही कळत नाही. डावीकडं सरक."

सरकलो.

"अजून. आता मागं. तो वाळूचा ढीग आहे ना, त्याच्यावर चढ."

चढलो. पाय चपलेसकट घोट्यापर्यंत आत गेले. ऊन अगदी टाळूवर.

"बस, तिथंच. हलू नकोस." त्यानं रोलर बादलीत ठेवला आणि माझ्याकडं तोंड करून बसला. "आता विहिरीपासून परत सांग. पदरचं काही घालायचं नाही."

सावली दोन पावलांवर होती. मी हललो नाही.