जिन्यातलं स्टूल

मित्रांनो, जिना चढता चढता ज्याची तुम्हाला ठेच लागते ना, तेच मी जुनं लाकडी स्टूल. एका सुतारदादांनी दाराच्या उरलेल्या फळ्यांतून मला घडवलं. माझा एक पाय जरा आखूड राहिला, तर त्याखाली चकती ठोकून ते म्हणाले, "झालं! आता हत्ती बसला तरी हलायचं नाही."

दादांची थोरली बहीण, आक्का, चौथ्या मजल्यावर शिवणवर्ग चालवत असे. पण हल्ली दुसऱ्या मजल्यावरच तिला धाप लागे, पाय सुजत. घरचे म्हणत, "वय झालं, दुसरं काय!" शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून खरं कारण शोधलं. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसून तिथला रक्तदाब वाढला होता आणि रक्त पुढे ढकलताना बिचारं हृदय थकत होतं. त्या वाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, आणि दादांनी मला जिन्याच्या वळणावर आणून ठेवलं. वर्ग बंद करावा लागेल या धास्तीने आक्का माझ्यावर बसून डोळे पुसायची. मला फार वाईट वाटे.

हळूहळू तिचं बसणं कमी झालं. एके दिवशी तर माझ्याकडे न बघताच ती वर गेली! आधी मला राग आला, मग इतका आनंद झाला की माझे सांधे करकरले.

आक्काला वाटलं, आपण ठणठणीत झालो. तिने परस्पर गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत ती पुन्हा माझ्यावर, घामाघूम! दादांनी तिला तडक दवाखान्यात नेलं.

"अहो, आजार गेलेला नाही, औषधाने आवरून धरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही."

आक्काने कानाला खडा लावला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि तिचं बसणं पुन्हा थांबलं.

परवा दादा म्हणाले, "आक्का, हे स्टूल आता तुझ्या वर्गातच ठेवू." मला खांद्यावर घेऊन ते ऐटीत निघाले. तिसऱ्या मजल्यावर त्यांचाच दम संपला आणि ते माझ्यावर मटकन बसले. आक्का आपल्या चालीने केव्हाच वर पोचली होती. कठड्यावरून वाकून ती खदखदून हसली, "काय रे, बसलास? डॉक्टरीणबाईंना बोलावू का?"

मित्रांनो, बरं वाटू लागलं म्हणून औषधाला विसरू नका. मला मात्र खुशाल विसरा. मी रागावणार नाही.