फोरमनचे हात

“खाली बघू नकोस!” एकाच वेळी दहाजण ओरडले, आणि रंगाऱ्याने नेमकं खाली बघितलं.

कारखान्याच्या उंच पाण्याच्या टाकीला रंग देताना त्याच्या पायाखालची फळी मोडली होती. कमरेचा दोर फळीलाच बांधलेला, तिच्याबरोबर तोही सुटून गेला. कशीबशी लोखंडी शिडी हाती लागली. पण डोळे गच्च मिटून तिला जी मिठी मारली ती सुटेना. अग्निशमनवाल्यांना यायला अर्धा तास तरी लागणार होता. खाली सुपरवायझर कर्ण्यातून सूचना देत होते आणि दीडशे कामगार आपापली अक्कल पाजळत होते.

तेवढ्यात फोरमन आला. त्याने आधी वर बघून घेतलं.

“साहेब, कर्णा ठेवा बाजूला. त्याच्या कानात काही शिरत नाहीये.” मग तो गर्दीकडे वळला. “बसा रे! आहात तिथंच खाली बसा.”

दीडशे माणसं मुकाट खाली बसली.

एके काळी याच फोरमनचा आवाज तीन शेड ओलांडून जायचा. चूक कुणाचीही असो, आधी तोफ डागायची, मग विचारायचं. मुलगी दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले, आणि घरात ही तोफ निकामी झाली. बायको हातांची भाषा चटकन शिकली. त्याला वर्ष लागलं. “बोटं आहेत की लाटणी?” म्हणून ती हसायची. मुलगी मोठी झाली तसा तिला पक्ष्यांचा नाद लागला, आणि तिने तो बापाला लावला. सुट्टीच्या दिवशी दोघं तळ्याकाठी तासन्‌तास बसायची. एक पाऊल घाईने पडलं की अख्खा थवा उडायचा. हळूहळू शेडमध्येही तो माणसाच्या समोर जाऊन, तोंडाकडे बघून बोलू लागला. उत्तराची वाट बघू लागला. कामगारांनी त्याचं नाव ‘बगळा’ ठेवलं. पण अडलं-नडलं की जायचे बगळ्याकडेच.

तो समोरच्या शेडच्या छपरावर चढला. शिडीच्या दांड्यांमधून रंगाऱ्याला दिसेल असा कडेला उभा राहिला आणि त्याने डोळे उघडेपर्यंत नुसता उभाच राहिला. मग स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं. माझ्याकडे बघ. तळहात छातीवरून सावकाश वर, सावकाश खाली. श्वास घे. आता डावा पाय. थांब. उजवा.

चौदाव्या पायरीवर रंगाऱ्याचा पाय घसरला. खाली एकजण किंचाळत उठला. शेजाऱ्याने त्याला ओढून बसवलं. फोरमनचे हात तसूभर ढळले नाहीत. थांब. श्वास घे. परत डावा.

शेवटी रंगाऱ्याचे पाय जमिनीला टेकले. फोरमन छपरावरून उतरून आला तेव्हा रंगारी त्याच्या पाया पडायला वाकला. फोरमनने त्याला दंडाला धरून उभं केलं.

“आधी पाणी पी. उद्या घरी राहा. ती फळी कुणी दिली ते मी बघतो.”

सुपरवायझरांनी मान दुसरीकडे वळवली.

बातमी त्याच्या आधी घरी पोहोचली होती. मुलगी दारातच उभी. काय झालं, तिने खुणेने विचारलं.

सांगायला त्याने हात उचलले, आणि ते थरथर कापू लागले. बोटं एकमेकांत अडखळली. पुन्हा प्रयत्न केला. तिला एक शब्द कळेना.

मग तिने ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि थरथर थांबेपर्यंत धरून ठेवले.